सात डबे, तीन धागे

धूपछांव रंगाचे लुगडे ज्यांच्या घरात एकेकाळी नेसले जात असे, त्यांना ही गोष्ट निराळी समजावून सांगायला नको. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या रंगाचा. पदर हलला की कधी हा रंग वर येतो, कधी तो, आणि दुरून पाहणाऱ्याला मात्र तिसराच कोणता तरी दिसतो. विणकर तो तिसरा रंग कोठूनही आणत नाही. तो दोन धागे शेजारी ठेवतो आणि उरलेले काम पाहणाऱ्याच्या डोळ्यावर सोपवतो.

सुयांवर विणलेल्या लोकरीतही एका रंगातून दुसऱ्या रंगात असेच सरकत जाता येते. पट्ट्यांचे विणकाम वेगळे. पट्ट्यात रंग जेथे संपतो तेथे रेघ दिसते, ती दिसावी अशीच इच्छा असते. छटांच्या विणीत मात्र रंग नेमका कोठे बदलला हे बोट ठेवून सांगता येऊ नये. हे काम दिसायला अवघड आणि करायला सोपे आहे. शिवाय त्यात ओळी मोजण्याचे ओझे जवळजवळ नाही. या शेवटच्या गुणासाठी मी त्याविषयी लिहिते आहे.

माझ्या सासूबाई ८२ वर्षांच्या आहेत. आमच्या नात्यातल्या कोणत्याही बाळंतविड्यात त्यांच्या हातची कुंची, मोजे आणि स्वेटर नाही असे गेल्या पन्नास वर्षांत घडले नव्हते. जाळीचे नमुने त्या कागदाशिवाय विणत. दीड-दोन वर्षांपूर्वी त्यांची ओळ हरवू लागली. “कोणती ओळ झाली गं आत्ता?” असे त्या मला विचारत, मी वहीत खुणा करू लागले, मग खूण केली की करायची राहिली, यावरून दोघींचा गोंधळ होऊ लागला. एकदा अर्धा स्वेटर त्यांनी तीन वेळा उसवला. चौथ्यांदा तो सुयांसकट पिशवीत घालून कपाटाच्या माथ्यावर ठेवला आणि म्हणाल्या, “आता तुमचं तुम्ही बाजारातून आणत जा.” डॉक्टरांनी सौम्य विस्मरण असे नाव दिले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता, तो निराळाच.

त्यानंतरच्या वर्षात त्यांच्या हातांना काही काम नव्हते. ज्यांनी घरात वृद्ध माणसाची काळजी घेतली आहे त्यांना रिकामे हात म्हणजे काय ते ठाऊक असते. पदराचे टोक गुंडाळणे, पुन्हा सोडणे, चादरीची कड ओढणे. बोटे मात्र उत्तम चालत होती. सुलट टाका त्यांना डोळे मिटूनही घालता आला असता. हरवली होती ती मोजणी. रंगाची पारख आणि हाताची सवय दोन्ही शाबूत होत्या.

पणतवंडाची चाहूल लागली तेव्हा मी त्यांच्यापुढे छटांच्या पांघरुणाचा विषय काढला. युक्ती माझी नव्हे. विणणाऱ्या बायका जगभर ती वापरतात. बाजारात आता अशा तऱ्हेचे तयार गुंडेही मिळतात, ज्यांत बारीक धागे एकत्र धरलेले असतात आणि ठरावीक अंतराने त्यांतला एकच धागा गाठ मारून बदललेला असतो. ते महाग असतात आणि रंग आपल्या मनासारखे मिळतीलच असे नाही. घरी करणे बरे.

रीत अशी. तीन रंग घ्यावेत, धागा बारीक असावा आणि विणताना तीन धागे एकत्र धरावेत. प्रथम तिन्ही धागे पहिल्या रंगाचे. मग दोन पहिले, एक दुसरा. मग एक पहिला, दोन दुसरे. मग तिन्ही दुसऱ्या रंगाचे. पुढे याच क्रमाने तिसऱ्या रंगाकडे जायचे. तीन रंगांतून अशा सात पायऱ्या तयार होतात. प्रत्येक पायरीला तीनपैकी एकच धागा बदलत असल्यामुळे डोळ्याला धक्का बसत नाही. खरेदीच्या वेळी एक हिशेब ध्यानात ठेवावा: मधला रंग पाच पायऱ्यांत येतो, कडेचे दोन्ही तीन-तीन पायऱ्यांतच, म्हणून मधली लोकर कडेच्या प्रत्येक रंगाच्या दीडपट लागते. आमचे पांघरूण ४२० ग्रॅमचे ठरवले, तेव्हा कडेचे रंग १२० ग्रॅम प्रत्येकी आणि मधला १८० ग्रॅम लागला. तीन धाग्यांचा जाडपणा धरून सुई ६ नंबरची, म्हणजे ५ मिलिमीटरची घेतली. सगळ्या ओळी सुलट. उलट ओळ नाहीच, त्यामुळे आता कोणती बाजू हा प्रश्नही नाही.

दुसरीही एक रीत आहे. सहा ओळी एका रंगाच्या आणि दोन दुसऱ्या, मग चार आणि दोन, मग दोन-दोन, मग दोन-चार, असे प्रमाण पालटत न्यायचे. ओळी नेहमी सम संख्येत ठेवल्या की दोन्ही धागे एकाच कडेला थांबतात आणि तोडावे लागत नाहीत. ही रीत सुंदर दिसते, लोकरही वाचवते, पण ती मोजणीवर उभी आहे. आमच्या कामाची नव्हती.

मोजणी टाळण्यासाठी मी एवढेच केले की सगळा हिशेब विणण्यापूर्वी उरकला. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर लोकर तोलून ६० ग्रॅमचा एक, असे तीन-तीन धाग्यांचे सात गुंडे गुंडाळले आणि चिवड्याच्या रिकाम्या सात डब्यांत एकेक ठेवून झाकणांवर मोठ्या अक्षरांत आकडे लिहिले. गुंडा संपला की पुढचा डबा उघडायचा. किती ओळी झाल्या, किती राहिल्या, हे कोणी लक्षात ठेवायचे नाही. ते डब्याला ठाऊक. धागे जोडणे आणि टोके मोठ्या सुईने आत लपवणे माझ्याकडे. टाके शंभरच आहेत ना, हे दर दोन दिवसांनी मी मोजते, पण त्यांच्या देखत. रात्री गुपचूप दुरुस्त करून ठेवण्याचा मोह काळजी घेणाऱ्या प्रत्येकाला होतो. माझ्या मते तो आवरावा. सकाळी आपलेच काम आपल्याला अनोळखी वाटावे, याहून विस्मरण असलेल्या माणसाला भिववणारे दुसरे काय असेल?

रंग मात्र त्यांनीच निवडले. एका जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदावर निरनिराळे धागे शेजारी शेजारी गुंडाळून त्या खिडकीपाशी नेऊन पाहत होत्या. कितीतरी कागद झाले. दुकानात गुंडा हातात घेऊन रंग ठरवणे आणि धागे शेजारी ठेवून ठरवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्याला कारण आहे. पॅरिसच्या गोबेलँ या प्रसिद्ध गालिचे-पडदे विणणाऱ्या कारखान्यात १८२४ पासून रंगविभागाची सूत्रे मिशेल युजीन शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे होती. काळा रंग फिका आणि निस्तेज दिसतो अशी तिथे तक्रार होती. शेव्रल यांनी तपासले तेव्हा रंगात खोट आढळली नाही. काळ्या धाग्याच्या शेजारी जे निळे-जांभळे धागे होते त्यांच्यामुळे तो तसा दिसत होता. शेजारी ठेवलेले रंग एकमेकांना पालटतात, हा नियम त्यांनी १८३९ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. लाल रंगाशेजारची करडी छटा हिरवट भासते, ती याच नियमाने. शेव्रल पुढे १०२ वर्षे जगले आणि अगदी शेवटच्या काळात वार्धक्याच्या परिणामांचाही अभ्यास करू लागले होते, हे जाता जाता सांगण्याचा मोह मला आवरत नाही.

विणणारीला यातून दोन गोष्टी घ्याव्या लागतात. रंगचक्रात समोरासमोर असणारे रंग, जसे लाल आणि हिरवा, बारीक धाग्यांत मिसळले की दुरून मळकट खाकी दिसतात. शेजारचे रंग मिसळले तर छटा स्वच्छ राहते. आणि छटांच्या कामात रंगाच्या नावापेक्षा त्याचा उजळपणा-गडदपणा अधिक महत्त्वाचा. निळा आणि हिरवा सारख्याच उजळ असतील तर एकमेकांत सहज विरघळतात. फिका निळा आणि गडद निळा, एकाच रंगाचे असूनही, फटकून राहतात. मोबाइलवर धाग्यांचे कृष्णधवल छायाचित्र काढले की हे लगेच कळते. मोबाइल नसेल तर डोळे किलकिले करून पाहावे. आमच्या सासूबाईंची पद्धत तीच होती.

त्यांनी निवडलेले रंग होते सायीचा पांढरा, मधला मोरपंखी आणि शेवटी गडद निळा.

आता डोळ्यांविषयी. वय वाढते तसे डोळ्यातले नैसर्गिक भिंग पिवळसर होत जाते आणि निळा प्रकाश अडवू लागते. हा बदल इतका संथ असतो की ज्याचा त्याला कळत नाही. निळा आणि हिरवा यांतला भेद पुसट होतो, गडद निळा काळ्यासारखा वाटतो, पांढरा आणि सायीचा एकच भासतात. मोतीबिंदूत भिंग गढूळही होते, त्यामुळे उजळ-गडद यांतले अंतर कमी झाल्यासारखे दिसते. म्हणून वृद्धांनी रंग निवडताना उजेड भरपूर असावा; दिवसाचा खिडकीतला उजेड उत्तम, थेट ऊन नको. आजोबा मोजे विजोड घालतात किंवा आजी काळी म्हणून निळी साडी काढतात, तेव्हा ते प्रत्येक वेळी विसरणे असतेच असे नाही. पुष्कळदा ते भिंग असते.

पहिले चार डबे संपले आणि सासूबाईंच्या डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. थेंबांचे वेळापत्रक, डोळ्याला पाणी लागू न देणे, वाकून वजन न उचलणे हे सगळे सांभाळून आणि डॉक्टरांना विचारून त्यांनी काही दिवसांनी पुन्हा सुया हाती घेतल्या. पाचवा डबा उघडला. त्यात दोन मोरपंखी धागे आणि एक गडद निळा होता, त्यांनी स्वतः कागदावर ठरवलेला. गुंडा हातात घेऊन त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या,

“हा तू बदललास.”

“नाही आई, तोच आहे.”

“मी हिरवा घेतला होता. हा निळा आहे. आणि यात काळा होता, तो कुठे गेला?”

विस्मरणाच्या घरांत असा क्षण नवा नसतो. वस्तू हलवली, पैसे घेतले, औषध बदलले, असे आरोप जवळच्याच माणसावर येतात, कारण जवळ तेच असते. अशा वेळी वाद घालून उपयोग नसतो हे मी शिकले आहे; पण मान डोलावून “हो, बदलला असेल” म्हणणेही मला त्या दिवशी पटेना. कारण त्या विसरल्या नव्हत्या. त्यांना हिरवा आठवत होता, कारण तेव्हा त्यांना हिरवाच दिसला होता. मी लग्नपत्रिकेचा तो कागद आणला, त्यांच्याच हाताने गुंडाळलेला, मागे त्यांच्याच अक्षरात ‘५’ लिहिलेला. तो खिडकीपाशी धरला आणि म्हटले, “आई, आधी डावा डोळा झाका. आता उजवा.”

उजव्या, जुन्या डोळ्याने मोरपंखी हिरवट आणि गडद निळा काळा. डाव्याने मोरपंखी निळसर, झळझळीत. आणि काळ्याच्या जागी निळा. मग त्या घरभर हिंडल्या. देवघरातली समई, माझी ओढणी, दुधाचे पातेले, भिंत. एक डोळा झाकायचा, मग दुसरा. “भिंत पांढरी आहे का गं? मला वाटलं, तुम्ही मुद्दाम पिवळा रंग दिलात.” तासभर हे चालले. त्यांना इतके हसताना मी बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते.

एका डोळ्याची शस्त्रक्रिया झालेल्या अनेकांना दोन डोळ्यांतला हा फरक जाणवतो आणि त्यात घाबरण्यासारखे काही नसते. नव्या डोळ्याला सगळे काही दिवस निळसर वाटते, मग मेंदू ते जुळवून घेतो. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराला मोतीबिंदूचे निदान १९१२ मध्ये झाले, पण शस्त्रक्रिया त्यांनी १९२३ पर्यंत लांबवली. तेव्हा ते सासूबाईंच्याच वयाचे, ८२ वर्षांचे होते. नंतर सगळेच निळे दिसते म्हणून त्यांनी तक्रार केली आणि रंगीत काचांचे चष्मे वापरून पाहिले. त्या काळी डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याची सोय नव्हती. आज ती आहे. अर्थात दुखणे, लाली, प्रकाशाचे झोत किंवा अचानक कमी दिसणे अशी लक्षणे असतील तर ती रंगांची गंमत नव्हे, तत्काळ डॉक्टरांना दाखवावे.

आता प्रश्न पांघरुणाचा होता. चार डबे जुन्या डोळ्यांनी विणलेले, उरलेले तीन नव्याने विणायचे. उसवायचे का? मला भीती वाटत होती ती हीच. तीन वेळा उसवलेला तो स्वेटर अजून कपाटावर होता. हे पांघरूणही त्या पिशवीत गेले असते तर पुन्हा सुया हाती येतील याची मला खात्री नव्हती. “छान दिसतंय, असंच चालू ठेवू या” हे शब्द माझ्या ओठांवर होते. ते मी गिळले. रंग त्यांचे होते, निर्णयही त्यांचा.

त्यांनी पांघरूण पलंगावर पसरले, पाचवा गुंडा त्याच्या कडेला ठेवला आणि दोन पावले मागे सरकून, उजवा डोळा झाकून पाहिले. “वरचं सगळं चांगलं आहे,” त्या म्हणाल्या. “सायीतून मोरपंखीत नीट आलंय. पण इथून पुढे उडी आहे. एकदम अंधार पडतोय. मधे काहीतरी घाल.” मी कृष्णधवल छायाचित्र काढून पाहिले. चौथ्यापर्यंत करड्या रंगाचा संथ उतार होता. पाचव्या गुंड्यातला एकच धागा त्या करड्यात काळ्या रेघेसारखा उठून दिसत होता. मोतीबिंदूच्या धुक्यात ती उडी त्यांना दिसली नव्हती. धुके विरल्यावर त्यांनी ती एका नजरेत पकडली. डब्यावरचा आकडा काय हे त्यांना दोनदा विचारावे लागले होते, हे त्याच दुपारचे.

त्यांच्या सांगण्याप्रमाणे जुन्या उरलेल्या लोकरीतून मध्यम निळा धागा शोधला. पाचव्या गुंड्यात दोन मोरपंखी धाग्यांबरोबर गडदाऐवजी हा मध्यम निळा आला, सहाव्यात एक मोरपंखी, एक मध्यम आणि एक गडद. उरलेली लोकर छटांच्या कामात अशी खपते, हा आणखी एक फायदा. एकसंध रंगाच्या स्वेटरला वेष्टनावरचा रंगाचा क्रमांक जुळला नाही तर ते लगेच दिसते; येथे थोडाफार फरक छटेतच मुरतो.

शरीराच्या दृष्टीने काही गोष्टी सांगायला हव्यात, कारण तीन धागे एकत्र धरले की काम जड होते. सरळ सुयांपेक्षा तारेने जोडलेली गोल सुई वृद्धांना बरी; विणलेल्या भागाचे वजन मनगटावर न राहता मांडीवर राहते. बांबूच्या सुया हलक्या असतात आणि टाके त्यांवरून पटकन घसरत नाहीत. सासूबाईंच्या अंगठ्याच्या मुळाशी सांधेदुखी आहे. विणण्यापूर्वी पाच-दहा मिनिटे हात कोमट पाण्यात धरल्याने त्यांना आराम पडतो. वीस-पंचवीस मिनिटांनी थांबायचे, मान आणि खांदे सैल करायचे, दूर पाहायचे. त्या थांबत नाहीत, म्हणून मी चहा आणते. बोटांना मुंग्या येत असतील किंवा रात्री हात बधिर होत असेल तर विणकाम थांबवून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आणि पांघरूण बाळासाठी असेल तर झालर, गोंडे, मोठी जाळी नको, बाळाची बोटे अडकतात. लोकर मऊ आणि धुण्यास सोपी असावी. झोपलेल्या बाळावर सैल पांघरूण ठेवू नये, मांडीवर घेतलेल्या बाळाभोवती लपेटायला ते वापरावे.

विणकामाने विस्मरण थांबते असे मी म्हणणार नाही. आमच्या घरी ते थांबलेले नाही. गेल्या आठवड्यात त्यांनी मला माझ्या नणंदेच्या नावाने दोन दिवस हाक मारली. पण जेवण झाले की त्या आपण होऊन खिडकीपाशी जाऊन बसतात, आणि कोणी आले की पांघरुणाची चौथ्या-पाचव्या डब्याची जागा दाखवून विचारतात, “इथे रंग कुठे बदललाय, सांग बघू.” बहुतेकांना सांगता येत नाही.

सहावा डबा संपत आला आहे. सातवा, तिन्ही गडद निळ्या धाग्यांचा, त्यांनी उघडू दिलेला नाही. उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात आहे. ती झाल्यावर दोन्ही डोळ्यांनी पाहून तो गुंडा ठेवायचा की बदलायचा हे ठरेल, असे त्यांनी मला बजावले आहे. बाळ चैत्रात यायचे आहे. तोवर बसून राहायचे नाही म्हणून परवा त्यांनी कपाटावरची ती जुनी पिशवी काढायला लावली, स्वेटर पूर्ण उसवला आणि त्या लोकरीची बिनजाळीची साधी कुंची सुयांवर घातली.